घरकुल लाकडी खणांचं बांधलं तर?

तळखडा, औसा
घरकुल योजनेत मूळ अनुदान 1 लाख 20 हजार मिळतं, त्यात किमान 25 चौरस मीटरचं सिमेंटचं घर उभं राहतं. पोराचं लग्न झालं की त्याला जोडून काय काढायचं? आपल्या माळवदात, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या जुन्या घरात, ही अडचण नव्हती. घर खणांत मोजायचे; खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. हातात पैसा आला की पुढचा खण. तसेच ठरावीक मापाचे लाकडी सांगाडे बोल्टने जोडावेत, भिंती हलक्या आणि पुढेमागे सरकवता येतील अशा. लंडनच्या लुईशम भागात 1970 च्या दशकाअखेर वास्तुविशारद वॉल्टर सेगल यांच्या पद्धतीने साध्या कुटुंबांनी अशी घरं स्वतः बांधली. फळ्या बाजारात मिळतात त्याच मापात वापरायच्या, कापाकापी नको.

किल्लारीची लेक
दादा, 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट आमच्या घराने बघितलीय. माझी आई अजून कुणाच्या माळवदाखाली मुक्काम करत नाही. तिला काय सांगू?

तळखडा, औसा
ताई, आईंची भीती खरी आहे. पण माणसं दबली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि छतावरच्या मातीच्या ओझ्याखाली. कित्येक घरांत भिंती ढासळून लाकडी खांब-तुळया तशाच उभ्या होत्या. मला तेवढंच परत हवंय.

काळं रान
अन् वाळवी? किनवटचं सागवान कोणाला परवडतं? बाभळीला भुंगा लागतो. शिवाय मे महिन्यात हलक्या भिंतीच्या घरात पत्र्याच्या शेडसारखं भाजून निघू. जाड भिंत उगाच नव्हती भाऊ.

तळखडा, औसा
वाळवीसाठी खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, घ्यायचा, मातीत गाडायचा नाही. औषध दिलेलं निलगिरीचं लाकूड चालेल. काळी माती फुगते-आकसते तेव्हा सिमेंटच्या भिंतींना तडे जातात; बोल्टने जोडलेल्या लवचीक सांगाड्याला ती धास्ती कमी. उन्हाचा मुद्दा मात्र मान्य. छतावर पाचटाचा थर घातला तरी माळवदाचा गारवा येणार नाही.

किल्लारीची लेक
लाकूड का सिमेंट, हे नंतर बघा. भूकंपानंतर आमचं गाव नव्या जागी गेलं. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट. बैल कुठं बांधायचे, कडबा कुठं रचायचा, बायकांनी भांडी कुठं घासायची, आईला कुणीच विचारलं नाही. घर मजबूत होतं, पण तिला त्यात वावरता येईना. तुमचा सांगाडा वरून ठरून आला तर तेच होणार. आधी मोकळ्या जागेत फक्कीने घर आखा, घरच्या बायकांना त्यात चालू द्या, चूल कुठं ते त्यांनी दाखवावं. मग खांब उभे करा.

काळं रान
ताईंचं पटलं. लाकडाला माझा विरोध कायम आहे, पण फक्की मारायला मी येतो.