मदत हवी आहे: कमी खर्चात स्की टूरिंग, सेकंडहँड सेट घ्यावा का?

मी डेन्व्हरला राहतो. रिसॉर्टमधल्या ब्लू (मध्यम अवघड) उतारांवर आरामात स्की करतो, आता स्किन्स (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या) लावून स्वतः चढून जायचं आहे. एकूण बजेट २,००० डॉलर.

हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं साहित्य, म्हणजे बीकन (सिग्नल देणारं आणि पकडणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब काठी), नवीनच घेणार. बीकन तीन अँटेनांचा डिजिटल. तिथे काटकसर नको. हिमस्खलनापासून सुरक्षित राहायला शिकवणारा आयारी (AIARE) लेव्हल १ चा तीन दिवसांचा कोर्सही याच पैशांत बसवायचा आहे, कारण कोलोरॅडोच्या बर्फातले खालचे कमकुवत थर आठवडेच्या आठवडे टिकून राहतात. कोर्स होईपर्यंत रिसॉर्टच्या अपहिल मार्गांवरच चढेन. थोडक्यात, 'आधी कोर्स कर' हे आधीच मान्य आहे!

एकदा भाड्याने सेट घेऊन पाहिला. चढणं फार आवडलं, बूट मात्र टोचले. म्हणून बूट दुकानात मापून नवे घेतले. सोलची लांबी ३१७ मिमी.

आता अडलंय ते स्की आणि बाइंडिंगवर (बूट स्कीला धरून ठेवणारा भाग). मध्यभागी ८८ मिमी रुंद, पिन बाइंडिंग (बुटाला पिनांनी धरणारं हलकं बाइंडिंग) लावलेली जुनी स्की स्वस्तात मिळतेय, स्किन्ससह. कडा आणि तळ ठीक दिसतात, पण बाइंडिंग ३०१ मिमीच्या बुटासाठी बसवलेलं आहे आणि त्याचा टाचेचा भाग मागे सरकायला जागा जेमतेम ५ मिमी. म्हणजे नवी भोकं पाडावी लागणार. माझी जुनी अल्पाइन स्की आहे, पण तिच्यावर फ्रेम बाइंडिंग (बुटाखाली चौकट असलेलं) लावलं तर वजन फार होतं, म्हणून तो पर्याय सोडला.

जुन्या भोकांपासून किती अंतर सुटलं तर नवी भोकं सुरक्षित? फक्त टाचेचा भाग हलवून चालेल, की पुढचाही हलवावा लागेल? आणि स्किन्सचा गोंद अजून चांगला आहे हे विकत घेण्याआधी कसं तपासायचं?