मदत हवी आहे: उधाणाचं पाणी गढूळ, पण लेझर म्हणतो कण कमी झाले!

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ खाडीच्या तोंडाशी आमची छोटी कोळंबी हॅचरी आहे. समुद्राचं पाणी आधी वाळूच्या फिल्टरमधून, मग ५ मायक्रॉनच्या बॅगेतून टाकीत येतं. गेल्या पावसाळ्यात बॅगेची शिवण उसवली आणि दोन दिवस कुणाला पत्ताच नव्हता. पिल्लांचं जे व्हायचं ते झालं. तेव्हापासून बॅगेनंतरच्या पाण्यातले कण सतत मोजणारं काहीतरी बसवायचं डोक्यात आहे. तयार पार्टिकल काउंटरची किंमत ऐकून फोन ठेवला आणि स्वतःच जुळवाजुळव केली.

आतून ४ मिमी व्यासाची काचेची नळी, तिच्यावर ६५० नॅनोमीटरचा ५ मिलिवॉटचा लाल लेझर (किरण साधारण ३ मिमी जाड) आणि किरणाशी काटकोनात फोटोडायोड (उजेड टिपणारा सेन्सर). कण किरणातून गेला की प्रकाश विखुरतो, पल्स (सिग्नलचा क्षणिक उसळा) येते, अर्डुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) मोजतो.

आता रडगाणं. पाणी पूर्ण बंद असतानाही सेकंदाला बरोबर १०० पल्स येतात. एक कमी नाही, एक जास्त नाही. पंप सुरू केला की पहिली पाच मिनिटं आकडा वेड्यासारखा उडतो. आणि खरी गोची म्हणजे परवा उधाणाला पाणी नुसत्या डोळ्यांना गढूळ दिसत होतं, तर आकडा एरवीपेक्षा खाली! अशा यंत्रावर भरवसा ठेवून रात्री झोपायचं कसं?

तांबडीमाती: पाणी गढूळ आसा ह्यां बघूक लेझर कित्याक व्हयो? डोळे आसत मा?

खाडीकाठ (धागाकर्ता): दादा, रात्री दोन वाजता डोळे मिटलेले असतात, बॅग तेव्हाच फाटते :)

काजवा: लोट्याला एका औषध कंपनीत इंजेक्शनमधले कण मोजायचं काम करतो, म्हणून लिहितो.

१०० पल्सचं उत्तर तुमच्या छतावर आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि डायोडला तीच दिसते. सगळी जोडणी काळ्या रंगाच्या पीव्हीसी पाइपात बंद करा. तसंही काचेवरून उडालेला लेझर डोळ्यात जाऊ नये म्हणून झाकण हवंच.

पंपाच्या वेळचे कण नाहीत, बुडबुडे आहेत. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, हवेचा १, त्यामुळे बारीकसा बुडबुडाही गाळाच्या कणासारखाच चमकतो. सक्शनच्या जॉइंटला हवा ओढली जातेय का ते आधी बघा. नमुना थेट लाइनमधून न घेता लहान भांड्यात घ्या, बुडबुडे वर जाऊ द्या आणि खालून नळीत सोडा. नळी उभी, प्रवाह खालून वर. मात्र पाणी तासभर ठेवू नका. २० मायक्रॉनचा वाळूचा कण अर्ध्या तासात अर्धा मीटर सहज खाली बसतो, म्हणजे ज्याला पकडायचं तोच तळाला.

आता उधाण. हिशोब करा: ४ मिमीची नळी आणि ३ मिमीचा किरण, म्हणजे एका वेळी सुमारे ०.०४ मिली पाणी उजेडात. मिलिलिटरला १०,००० कण धरले तर एकदम ४०० कण चमकतायत! पल्स वेगळी उरतेच कुठे? सिग्नल कायम थ्रेशोल्डच्या (ज्या पातळीवर गेला की पल्स मोजली जाते तिच्या) वर राहतो, खाली येतच नाही, मग मोजणीही होत नाही. पाणी जितकं गढूळ तितका आकडा कमी. खात्री करायची असेल तर तेच पाणी स्वच्छ गाळलेल्या पाण्यात निम्मं करा. आकडा घटायच्या ऐवजी वाढला तर माझं बरोबर.

उपाय म्हणजे उजेडातलं पाणी कमी करणं. १ मिमीची कॅपिलरी (बारीक काचेची नळी) घ्या आणि दंडगोल भिंगाने किरणाची ०.०५ मिमी जाडीची पट्टी करा. तेवढ्यात १०,००० चा हिशोब ०.४ कणावर येतो. त्यावर दहापट पातळ केलं की झालं. आम्ही इंजेक्शनला १० आणि २५ मायक्रॉनच्या वरचे कण बघतो, पण तिथे बहुधा विखुरलेला प्रकाश नाही, कणाची सावली मोजतात.

आणि पल्सच्या उंचीवरून कणाचा आकार सांगायला जाऊ नका. आधी माहीत आकाराचे पॉलिस्टायरीन मणी सोडून यंत्र लावून घ्यावं लागतं, आणि तेव्हाही चिकणमाती मण्यासारखी गोल नसते.

शेवाळप्रेमी: थोडं अवांतर. पिल्लांना कीटोसेरॉस (खाद्य म्हणून वापरतात ते सूक्ष्म शेवाळ) देत असाल तर निळा लेझर वापरून बघा. हरितद्रव्य निळा उजेड खाऊन ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतं, गाळ सहसा तसा चमकत नाही. डायोडपुढे लाल फिल्टर लावला की शेवाळ वेगळं मोजता येतं. फ्लो सायटोमीटरमध्ये (लेझरने एकेक पेशी मोजणारं यंत्र) हीच युक्ती असते. पडताळायला न्यूबाउर चेंबर (मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायची चौकटींची काच) आहेच.

तांबडीमाती: माझा डोळो फुकट आसा, सांगून ठेवतंय.

खाडीकाठ: काजवा, पाणी निम्मं करून पाहिलं. आधी मिनिटाला ९१०, नंतर १३४०. वाढला! ट्यूबलाइट बंद केली आणि ते १०० सुद्धा गायब. दोन महिने मी सर्किट बदलत बसलो होतो. आता दंडगोल भिंग शोधतोय. तोवर काचेची पातळ कांडी आडवी ठेवून चालेल का?

काजवा: चालेल. फक्त कांडी सरळ आणि ओरखड्याशिवाय निवडा, आणि पट्टी प्रवाहाला आडवी पडतेय ना ते कागदावर बघून घ्या.