‘डार्क काउंट’ला ‘कृष्ण गणना’ म्हणावं का?

प्रश्न : विश्वकिरणांमधले म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण त्याहून जड कण) मोजणाऱ्या उपकरणावरच्या एका मराठी लेखात ‘डार्क काउंट’साठी ‘कृष्ण गणना’ असा शब्द आहे. ‘डार्क मॅटर’ला, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याला, कृष्णद्रव्य म्हणतात, त्याच धर्तीवर केला असावा. पण वाचणाऱ्याला वाटतं की हे उपकरण कृष्णद्रव्यच मोजतंय. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद : बदलायलाच हवा. सिंटिलेटर प्लास्टिकमधून म्यूऑन आरपार गेला की निळसर प्रकाशाची क्षीण चमक उठते. ती प्रकाशगुणक नळीच्या (फोटोमल्टिप्लायर) फोटोकॅथोडवर, म्हणजे प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या थरावर, पडून काही इलेक्ट्रॉन सुटतात. पुढे इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवणाऱ्या दहा पट्टिका, म्हणजे डायनोड, असले आणि प्रत्येकावर एकाचे चार झाले, तर एका इलेक्ट्रॉनमागे शेवटी दहा लाखांहून थोडे जास्त मिळतात. अडचण अशी की फोटोकॅथोडमधून नुसत्या उष्णतेनंही इलेक्ट्रॉन सुटतात, आणि डायनोड त्यांनाही तितकंच वाढवतात. आत प्रकाश मुळीच नसताना येणारे हे विद्युत स्पंद म्हणजे डार्क काउंट. नळीला थंड ठेवलं की ते कमी होतात. इथे ‘डार्क’चा अर्थ सरळ ‘अंधारात’ एवढाच आहे, म्हणून ‘अंधार-गणना’ म्हणा. वाक्यात ‘अंधारातले स्पंद’ जास्त सहज बसतं.

प्रतिसाद : ‘अंधार-गणना’ पटला. त्याच्या शेजारी ‘प्रकाशगळती’ (बाहेरचा उजेड आत शिरणं) हा शब्दही लेखात हवा, कारण प्रयोगात या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. सिंटिलेटरच्या पट्टीला आधी ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर काळा कागद, त्यावर काळ्या टेपचे दोन थर देतात. गळती बहुधा कोपऱ्यांत किंवा नळी जिथे चिकटवली त्या सांध्यात असते. खोलीतला दिवा लावून आणि बंद करून स्पंदांचा दर पाहा. फरक पडला तर गळती आहे. मग सांध्यांवरून टॉर्च फिरवली की जागा सापडते. फरक नाही पडला, तर उरलेले स्पंद अंधारातले किंवा खरोखरच्या कणांचे.

नळी उघडी असताना व्होल्टेज बंदच हवं. चालू व्होल्टेजवर खोलीतला उजेड पडला तर नळी कायमची बिघडू शकते. व्होल्टेज बंद असताना उजेड लागला तरी दर काही तास चढा राहतो; एक दिवस अंधारात ठेवून मग मोजणी सुरू करावी.

प्रतिसाद : आणखी एक जागा तपासा. ‘कोइन्सिडन्स’ला लेखात ‘योगायोग’ म्हटलं असेल तर अर्थ अगदी उलटा होतो. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून, दोन्हींत 100 नॅनोसेकंदांच्या आत स्पंद आला तरच तो धरायचा, याला ‘समकाल नोंद’ म्हणावं. योगायोग म्हणजे अंधारातले दोन स्पंद चुकून जुळणं. प्रत्येक पट्टीत सेकंदाला 100 स्पंद असतील, तर 2 × 100 × 100 × 0.0000001, म्हणजे सेकंदाला 0.002, तासाला साधारण सात. समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला सुमारे एक म्यूऑन येतो. तेव्हा 10 × 10 सेंटिमीटरच्या पट्टीतून मिनिटाला शंभरेक जातात, आणि त्यापुढे तासाला हे सात किरकोळ ठरतात.

प्रतिसाद : माझा आक्षेप ‘कृष्णद्रव्या’वरही आहे. 1933 मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूहाबद्दल लिहिताना जर्मनमध्ये ‘डुंकल’, म्हणजे प्रकाशहीन, असा शब्द वापरला. काळं असं म्हटलं नाही. काळी वस्तू प्रकाश शोषते. हे द्रव्य प्रकाश सोडत नाही आणि शोषतही नाही. ‘कृष्णविवर’ शब्दामुळे गोंधळ आणखी वाढतो.

प्रतिसाद : मुद्दा रास्त आहे, पण शब्द रुळलाय, आता बदलू नये. पहिल्या उल्लेखाला अर्धं वाक्य खुलाशाचं द्यावं. आणि दोन्ही ‘डार्क’ एकाच परिच्छेदात येतातच. अमेरिकेतल्या साउथ डकोटात जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर लक्स-झेप्लिन हा प्रयोग सात टन द्रव झेनॉनमध्ये कृष्णद्रव्याचे कण शोधतोय. त्यात अंधारातल्या स्पंदांनी फसू नये म्हणून कण झेनॉनला धडकताच उठणारी पहिली चमक किमान तीन नळ्यांत एकदम दिसावी लागते. तिथे दोन्हीकडे ‘कृष्ण’ लिहिलं तर वाक्य वाचताच येणार नाही.

प्रश्न : मग ‘डार्क करंट’?

प्रतिसाद : ‘अंधारप्रवाह’, म्हणजे प्रकाश नसतानाही नळीतून येणारा विद्युतप्रवाह. फक्त तो अंधार-गणनेला पर्याय म्हणून वापरू नका. प्रवाहात नळीच्या सॉकेटवरून होणारी विद्युतगळतीही मोजली जाते. पावसाळ्यात सॉकेटवर ओल धरली की अंधारप्रवाह चढतो, स्पंद मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत.