'सिस्टर', 'नन', 'धर्मभगिनी' : व्रतस्थ स्त्रीसाठी मराठीत नेमका शब्द कोणता?

प्रश्न

माझी मोठी बहीण सिस्टर आहे. हे वाक्य मराठीत उच्चारलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "कुठल्या हॉस्पिटलात?" नर्स नाही, चर्चच्या सिस्टर, असं सांगितलं की समोरचा म्हणतो, "अच्छा, नन!" आणि ताई तिथे असली तर हळूच सांगते, "नाही, मी नन नाही." इतकी वर्षं मी हा तिचा विनय समजत होते.

तिच्या प्रथम व्रतांना आता २५ वर्षं होतील. त्या उपासनेची निमंत्रणपत्रिका आणि एक पानभर मनोगत मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. बोलावलेल्यांपैकी निम्मे तरी ख्रिस्ती नाहीत, त्यामुळे आमच्या आतल्या वर्तुळातले शब्द तसेच ठेवून चालणार नाही. मसुद्यात मी लिहिलं होतं, 'दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतली'. काकांनी वाचलं आणि अगदी मनापासून विचारलं, "दारिद्र्याचं व्रत कुणी घेतं का गं?" मला उत्तर सुचलं नाही.

तर सिस्टर, नन, धर्मभगिनी, संन्यासिनी यांत फरक काय? आणि या तीन व्रतांसाठी मराठीत याहून चांगले शब्द आहेत का?

प्रतिसाद

ताईंचं बरोबर आहे, आणि त्यात विनयाचा भाग नाही. लॅटिनमध्ये 'नोन्ना' हा वयस्क स्त्रीला मानाने हाक मारण्याचा शब्द होता, आपल्या 'आजी'सारखा. 'नन' त्यातून आला. पण चर्चच्या कायद्याच्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत : 'मोनियालिस' म्हणजे मठाच्या बंदिस्त आवारात राहून प्रार्थनेचं जीवन जगणारी, आणि 'सोरोर' म्हणजे बहीण, जी शाळा, दवाखाने, वस्त्या अशा ठिकाणी जाऊन काम करते. काटेकोर बोलायचं तर नन म्हणजे पहिली, सिस्टर म्हणजे दुसरी. रोजच्या बोलण्यात हा भेद पुसला गेला आहे.

या भेदामागे मोठा इतिहास आहे. १२९८ मध्ये पोप आठवे बोनिफेस यांनी सगळ्या नन्सना मठाबाहेर पडण्याची बंदी घातली. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ती पुन्हा पक्की केली. म्हणजे व्रतं घेतलेल्या स्त्रीने रस्त्यावर उतरून आजाऱ्याची सेवा करायची ठरवली, तर तिला 'रिलिजस', म्हणजे चर्चने मानलेली व्रतस्थ, म्हणून मान्यताच मिळणार नव्हती. १६३३ मध्ये फ्रान्समध्ये व्हिन्सेंट डी पॉल आणि लुईज द मारिलाक यांनी डॉटर्स ऑफ चॅरिटी सुरू केली, तेव्हा त्यांनी यातून वाट काढली ती शब्दांच्याच आधाराने. आपल्या स्त्रियांना नन म्हणायचं नाही, घराला मठ म्हणायचं नाही, आणि व्रतं एकेका वर्षाची. त्या आजही दरवर्षी व्रतं नव्याने घेतात. साध्या व्रतांच्या, बाहेर काम करणाऱ्या संघांना पोप तेरावे लिओ यांनी रीतसर मान्यता दिली ती थेट १९०० साली. म्हणून 'मी नन नाही, सिस्टर आहे' या वाक्यात काही शतकांची धडपड आहे.

प्रतिसाद

नन या शब्दाकडे कमीपणाने मात्र बघू नये. फ्रान्समधल्या लिझ्यूची तेरेज तिथल्या बंदिस्त कार्मेल मठात १८८८ मध्ये शिरली, १८९७ मध्ये तिथेच वारली, आणि चर्चने तिला १९२७ मध्ये मिशनकार्याची आश्रयदात्री संत ठरवलं. कधीही मिशनवर न गेलेल्या मुलीला! मदर तेरेसांनी धर्मजीवनात घेतलेलं नाव तिचंच. म्हणून मी 'टेरेसा' असं लिहीत नाही. मूळ उच्चारात दंत्य 'त' आहे, आणि तो मराठीला सहज जमतो.

प्रतिसाद

'धर्मभगिनी' हा शब्द मराठी कॅथलिकांत रुळलेला आहे आणि लिहिताना शोभतो. अडचण एकच. जुन्या मराठीत 'धर्माची बहीण' म्हणजे मानलेली बहीण. धर्मपिता, धर्माचा भाऊ हे त्याच घडणीचे शब्द. ख्रिस्ती नसलेला वाचक 'आमच्या धर्मभगिनी' वाचून राखी बांधून नातं जोडलेली कुणी, असं समजण्याची शक्यता आहे. नुसतं 'भगिनी' चालावं. भगिनी निवेदितांमुळे तो शब्द मराठी कानाला परका राहिलेला नाही, आणि तिथेही तो 'सिस्टर'चंच रूप होता.

'संन्यासिनी' टाळावा असं माझं ठाम मत आहे. संन्यासी सगळे संबंध तोडून एकटा निघतो. सिस्टर निघते ती एका संघात राहायला. सगळ्यांनी एकत्र राहणं, एकत्र जेवणं, एकत्र प्रार्थना करणं हा त्या जीवनाचा कणा आहे. 'कॉन्व्हेंट' या शब्दाचं मूळच 'एकत्र येणं' आहे. मराठीत मात्र 'कॉन्व्हेंट' म्हणजे इंग्रजी शाळा होऊन बसलं. 'ती कॉन्व्हेंटमध्ये होती' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे सिस्टरांचं घर येत नाही.

प्रतिसाद

मला 'व्रत' या शब्दाबद्दल लिहायचं आहे.

मराठीत व्रत म्हटलं की काही गोष्टी आपोआप त्याच्यासोबत येतात : ठरावीक मुदत, ठरावीक फळ आणि शेवटी उद्यापन. सोळा सोमवार झाले, उद्यापन केलं, व्रत संपलं. नवसाचं तर याहून रोखठोक असतं, अमुक होऊ दे, मग तमुक करीन. गंमत अशी की लॅटिन 'वोटुम' या एकाच शब्दात नवस आणि व्रत हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने ते वेगळे ठेवले, आणि ते फार चांगलं झालं, कारण सिस्टरच्या व्रताला अट नसते आणि उद्यापनही नसतं.

म्हणून 'शपथ' घ्यावा का, असा विचार मी केला. पण शपथ ही न्यायालयातली किंवा भांडणातली. तिच्यात प्रेम नाही.

मग 'व्रतस्थ' आठवला. हा शब्द मराठीने कधीच पुढे नेला आहे. व्रतस्थ शिक्षक, व्रतस्थ संशोधक असं आपण म्हणतो, तेव्हा 'उद्यापन कधी?' असं कुणी विचारत नाही. जन्मभराचं, आतून स्वीकारलेलं, फळाची वाट न बघणारं, हे सगळं त्या 'स्थ'मध्ये येतं. चर्चच्या मराठीतही 'व्रतस्थ' आहेच. तुमच्या पत्रिकेसाठी 'व्रतस्थ भगिनी' हे मला सगळ्यांत नेमकं वाटतं.

एक तपशील सांभाळा. प्रथम व्रतं मुदतीचीच असतात. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार, नवदीक्षेचा (व्रतांआधीच्या तयारीचा) काळ किमान १२ महिन्यांचा, त्यानंतरची तात्पुरती व्रतं किमान ३ वर्षांची आणि साधारणपणे ६ वर्षांपर्यंत, आणि मग आजीवन व्रतं. २५ वर्षं प्रथम व्रतांपासून मोजत असाल, तर 'आजीवन व्रतांचा रौप्यमहोत्सव' असं चुकूनही छापू नका.

प्रतिसाद

मी स्वतः सिस्टर आहे. शाळेत शिकवते. तीन व्रतांच्या शब्दांवर आम्हीसुद्धा आपसांत बोलतो, म्हणून लिहिते.

काकांचा प्रश्न रास्त आहे. मराठीत दारिद्र्य 'अठराविश्वे' असतं, ते कपाळी येतं, कुणी मागून घेत नाही. ज्यांच्या घरी ते खरंच आहे त्यांच्यासमोर मी 'दारिद्र्याचं व्रत घेतलंय' म्हणताना माझी जीभ अडखळते. मला वेळेवर जेवण मिळतं, आजारी पडले तर संघ बघतो. 'अपरिग्रह' बराच जवळचा आहे, साठवायचं नाही एवढं त्यात नीट येतं. पण एक गोष्ट राहते, ती म्हणजे मागणं. माझा पगार संघाकडे जातो. चप्पल तुटली तर नव्या चपलेसाठी मला सुपिरिअरकडे, म्हणजे आमच्या घराच्या प्रमुख सिस्टरकडे, जाऊन सांगावं लागतं. पन्नाशीतल्या बाईने चपलेसाठी विचारायचं, हे बाहेरून विचित्र दिसतं, ठाऊक आहे. पहिली काही वर्षं मला ते फार जड गेलं. पण व्रत तिथेच आहे, अवलंबून राहण्यात. या जीवनाच्या पहिल्या पायरीला 'पोस्ट्युलंट' म्हणतात, त्याचा अर्थही 'मागणारी' असाच. मराठी बायबलमध्ये डोंगरावरच्या प्रवचनात 'दीन' हा शब्द आहे. मी 'दीनतेचं व्रत' म्हणते. 'दीनवाणं'ची छाया त्यावर पडते, पण चालेल.

ब्रह्मचर्याबद्दल थोडक्यात. 'कौमार्य' लिहू नका. वर ज्यांचा उल्लेख आला त्या लुईज द मारिलाक विधवा होत्या, एका मुलाची आई होत्या. ब्रह्मचर्य हा शब्द विद्यार्थ्याचा आणि पुरुषाचा वाटतो, तरी लोकांना अर्थ चटकन कळतो. धर्मसंहितेत या व्रताच्या संदर्भात 'अविभक्त हृदय' अशा अर्थाचे शब्द आहेत. मराठीत अविभक्त म्हटलं की पहिल्यांदा कुटुंब आठवतं, वाटण्या न झालेलं घर. मला तो योगायोग आवडतो.

आता आज्ञापालन. हा शब्द मला पलटणीतला वाटतो. वरून हुकूम, खालून 'हो'. पण मूळ लॅटिन क्रियापद 'ओबोएदीरे' हे 'ऐकणे' या क्रियापदापासून बनलं आहे. संत बेनेडिक्टच्या मठनियमाची सुरुवातच 'ऐक' या शब्दाने होते. हे मला नवदीक्षेच्या वर्षात शिकवलं गेलं तेव्हा मी वर्गात मोठ्याने म्हणाले होते, "हे तर मराठीतच आहे!" आपल्याकडे आई मुलाला 'माझं ऐक' म्हणते, तेव्हा कान दे आणि तसं वाग, हे दोन्ही एका शब्दात सांगते. 'तो कुणाचं ऐकत नाही' याचा अर्थ बहिरा असा कुणी घेत नाही. या दोन गोष्टींना मराठीला एकच शब्द पुरतो.

माझी बदली मला नको असलेल्या ठिकाणी झाली होती. त्या वेळी 'आज्ञा पाळ' असं मनाला सांगून काहीही उपयोग झाला नाही. 'ऐकून तर घे' असं सांगितलं, तेव्हा मी सुपिरिअरसमोर बसू शकले. त्यांनीही माझं ऐकलं. ऐकणं दोन्ही बाजूंनी होतं, पालन एकाच बाजूने होतं. बदली झालीच, ती गोष्ट वेगळी.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. काल हे सगळं ताईला फोनवर वाचून दाखवलं. चपलेचा भाग आला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "माझ्या वेळी चष्मा होता."

पत्रिकेवर 'व्रतस्थ भगिनी' जाईल, पण नावाआधी 'सिस्टर'च राहील, कारण लोक तिला त्याच नावाने ओळखतात. आई पाहुण्यांसमोर "सिस्टर आल्या" असं आदरार्थी बोलते आणि स्वयंपाकघरात "आलीस का गं" म्हणते, ते मला कुठल्याच पत्रिकेत बसवता येणार नाही. व्रतांची ओळ अशी केली आहे : 'प्रथम व्रतांना २५ वर्षे पूर्ण'. तिन्ही व्रतांची नावं पत्रिकेतून काढली, ती मनोगतात येतील, दीनता, ब्रह्मचर्य, आज्ञापालन अशी. 'आज्ञापालन' ताईने ठेवायला सांगितलं, वयस्क मंडळींना प्रार्थनेतून तोच शब्द पाठ आहे म्हणून. त्याच्या खाली ऐकण्याबद्दलचा परिच्छेद तिला हवा आहे. वर लिहिणाऱ्या सिस्टरांची परवानगी असेल, तर त्यांच्याच शब्दांत घेते.

मसुद्यातलं एक वाक्य मात्र तिने खोडायला लावलं : 'संसाराचा त्याग करून'. त्याऐवजी 'देवाच्या पाचारणाला ओ देऊन' लिही म्हणाली. 'पाचारण' काकांना कळेल का, ते आज विचारते.