एपीएलला मदत आहे, पण नाव कार्डात हवं

एपीएल (दारिद्र्यरेषेवरच्या) कार्डवाल्यांना उपचारासाठी सरकारकडून छदामही मिळत नाही, असं काहीजण म्हणतात, ते पटत नाही. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, तर एपीएलवाल्यांना उपचाराच्या ठरलेल्या पॅकेज दराच्या ३० टक्के, तेही कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाच्या आत. उरलेला खर्च खिशातूनच जातो, म्हणून मदत तोकडी आहे हे मात्र खरं.

आपल्या कर्नाटकातल्या सीमाभागातली अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्या सोयरिकी महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजकडच्या. आमच्या भावकीतली एक सून चंदगडची. लग्नानंतरही तिचं नाव माहेरच्या महाराष्ट्राच्या रेशनकार्डातच राहिलं. ऑपरेशनची वेळ आली तेव्हा सासरचं कार्ड बीपीएल असूनही काउंटरवर तिचं नाव निघेना. आता तिकडच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग इथल्या कार्डात चढवायचं. तोवर दुखणं थांबतं का? घरात सून आली की आधी हे काम उरका, हात जोडून सांगतो. आणि तातडीची केस नसेल तर थेट खाजगी दवाखाना गाठू नका. आधी सरकारी दवाखान्यातून रेफरलची चिठ्ठी घ्या, ती नसेल तर योजनेतून पैसे मिळणं अवघड. एपीएलवाले जर कृषी पत्तीन सोसायटीचे (शेती पतसंस्थेचे) सभासद असतील तर यशस्विनी या सहकारी सभासदांच्या आरोग्य योजनेची नोंदणी कधी उघडते ते सेक्रेटरींना विचारून ठेवा, ती वर्षभर चालू नसते.