शिल्पकलेसाठी बडोदा कसं?

मुलीची बारावी होतेय. हातात सतत शाडू नाहीतर मेण असतं. तिला बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिल्पकला शिकायची आहे. घरातले म्हणतात, मुंबई जवळ असताना इतक्या लांब कशाला? कुणी तिथे शिकलंय का?

– साताऱ्याची आई

प्रतिसाद : ताई, मी तिथेच शिल्पकला शिकलो. विद्यापीठ १९४९चं, ललित कला विद्याशाखा त्यानंतर वर्षभरात निघाली. शिल्पकला विभाग शंखो चौधरींनी उभा केला, चित्रकला विभाग बेंद्रे मास्तरांनी. हो, आपले इंदूरचे ना. श्री. बेंद्रे! मला सगळ्यात जास्त काय मिळालं सांगू? शेजार. मातीचे हात धुऊन छापचित्रांच्या विभागात डोकवायचो, मग कला-इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर. आपण जे घडवतोय ते आधी कुणी, कशासाठी घडवलं, हे तिथे कळलं. नुसतं हातकाम शिकून ते येत नाही. प्रवेश परीक्षा असते, म्हणून रोजची रेखाटनं जपून ठेवायला सांगा, बसस्टँडवरच्या माणसांचीसुद्धा.

प्रतिसाद : सयाजीरावांनी १८९०मध्ये सुरू केलेलं कलाभवनही तिला दाखवा. दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. आणि भाषेची काळजी नको, दांडिया बाजारात मराठी सहज ऐकू येतं.

साताऱ्याची आई : रेखाटनं आजपासून. बसस्टँडवर मीही जाईन तिच्यासोबत.