पंतप्रधानांचं भाषण न बघता निर्णय नेमका कसा कळेल?

दुकानदार_कोथरूड
राष्ट्राला उद्देशून भाषण असलं की आठला टीव्ही सुरू होतो आणि चर्चा संपेपर्यंत साडेदहा वाजतात. मला ते बघायचं नाही. कारण राजकीय आहे की कंटाळा आहे, हा वाद इथे नको. पण दुकान आहे, दोन माणसं कामाला आहेत, रात्री बारापासून काही लागू झालं तर सकाळी शटर उघडताना माहीत हवं. भाषण टाळून फक्त निर्णय कुठे वाचायचा, किती उशिरापर्यंत थांबलं तर चालतं, आणि दरम्यान फोनवरचा गोंगाट कसा थांबवायचा?

खडूफळा
भाषण आणि आदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या शटरला लागू होतो तो आदेश.

२४ मार्च २०२० घ्या. आठच्या भाषणात २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, मध्यरात्रीपासून. कुठली दुकानं उघडी राहणार याची यादी मात्र गृह मंत्रालयाच्या आदेशाला जोडलेल्या मार्गदर्शक सूचनांत होती: रेशन, किराणा, फळं-भाजी, दूध, मांस-मासळी, जनावरांचा चारा, शिवाय बँका आणि एटीएम. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा, तीही तिथेच. भाषण ऐकून अनेक शहरांत लोक पिशव्या घेऊन रस्त्यावर आले, आणि घाबरू नका, जीवनावश्यक वस्तू मिळतील, असं पंतप्रधानांना नंतर ट्विट करून सांगावं लागलं. आदेश वाचणारा किराणावाला त्या रात्री भाषण ऐकणाऱ्यापेक्षा जास्त निवांत असणार.

बाकीच्या भाषणांत तर घाईच नव्हती. १२ मे २०२० ला मदत पॅकेजचा २० लाख कोटींचा आकडा आला, पण कोणाला काय हे अर्थमंत्र्यांनी १३ ते १७ मे रोज पत्रकार परिषद घेऊन सांगितलं. १९ नोव्हेंबर २०२१ ला सकाळी नऊला कृषी कायदे मागे घेत असल्याची घोषणा झाली. कायदे त्या दिवशी रद्द झाले नाहीत. रद्द करणारं विधेयक २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. २१ सप्टेंबर २०२५ चं जीएसटीचं भाषण तर शुद्ध उजळणी होती. जीएसटी परिषदेचा निर्णय ३ तारखेचा, अधिसूचना १७ तारखेच्या, दर २२ पासून लागू. व्यापाऱ्याला त्यात नवीन काही नव्हतं.

म्हणजे मध्यरात्रीपासून लागू होणारी भाषणं थोडी, पण आहेत. म्हणून सरसकट ‘उद्या पेपरात बघू’ म्हणू नका. भाषण संपल्यावर साडेनऊच्या सुमारास एकदा बघा, बास.

रोखपाल
८ नोव्हेंबर २०१६ चं, नोटाबंदीचं, उदाहरण राहिलं. त्यात उलटा धडा आहे: भाषण मन लावून ऐकलेली माणसंच पुढे बँकेच्या काउंटरवर वाद घालत होती. भाषणातला नोटा बदलून घेण्याचा आकडा ४,००० रुपये. आठवड्याच्या आत तो ४,५०० झाला, १८ नोव्हेंबरपासून २,०००, आणि २४ तारखेनंतर काउंटरवर बदलून देणं बंद. खात्यातून आठवड्याला २०,००० काढता येतील असं सांगितलं होतं, ते २४,००० झालं आणि दिवसाची १०,००० ची अट निघाली. यातला एकही बदल भाषणातून आला नाही, सगळे अर्थ मंत्रालय आणि रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांतून आले.

त्या रात्रीच्या मूळ अधिसूचनेचा क्रमांक का.आ. (म्हणजे कानूनी आदेश) ३४०७. जुन्या नोटा काही दिवस कुठे चालतील (सरकारी रुग्णालयं, रेल्वे तिकीट, पेट्रोल पंप वगैरे) त्याची अधिसूचना वेगळी, ३४०८. दुकानदाराने या दोन वाचल्या असत्या तर गिऱ्हाइकाला ‘पंपावर चालते मग तुमच्याकडे का नाही’ याचं उत्तर देता आलं असतं.

पिंपळपान
मी थोडी विरुद्ध बाजू मांडते. नेता कशावर जोर देतो, काय गाळतो, हे आदेशात दिसत नाही. आणि कधीकधी भाषण हाच एकमेव स्रोत असतो. २६ जून १९७५ ला सकाळी इंदिरा गांधी आकाशवाणीवर आणीबाणीबद्दल बोलल्या, तेव्हा आदल्या रात्रीच दिल्लीतल्या बहादूरशहा जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडलेली होती. तिथे रेडिओ बंद ठेवणाऱ्याच्या हाती काय उरलं असतं?

खडूफळा
@पिंपळपान, मान्य. पण जोर आणि गाळणं वाचूनही कळतं, उलट जास्त नीट कळतं. आवाज, संगीत, मधेच थांबणं वजा केलं की किती मजकूर उरतो ते दिसतं. २०२५ चं लाल किल्ल्यावरचं भाषण १०३ मिनिटांचं होतं. लेखी मजकूर त्याहून कमी वेळात वाचून होतो आणि कुठला परिच्छेद सोडायचा ते आपल्या हातात राहतं.

मजकूर पत्र सूचना कार्यालयाच्या, म्हणजे पीआयबीच्या, संकेतस्थळावर मिळतो. वर भाषा निवडायची सोय आहे, मराठीही आहे. पण भाषण हिंदीत झालं असेल तर हिंदी पानच उघडा: ‘संबोधन का मूल पाठ’ अशा मथळ्याचं. भाषांतरं मागाहून येतात. मथळ्याखाली ‘प्रविष्टि तिथि’ आणि वेळ असते, ती बघितल्याशिवाय पुढे वाचू नका. शोधात जुनं भाषण वर येतं आणि मग घोळ होतो.

टेकडीवाला
खरा धोका भाषण चुकण्याचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘आदेशा’चा आहे. खोटा असतो किंवा, जास्त वेळा, खरा पण जुना. तपासायचं असं.

केंद्राची अधिसूचना असेल तर ती भारताच्या राजपत्रात, असाधारण अंकात येते. ‘का.आ.’वाल्या भाग २, खंड ३, उपखंड (ii) मध्ये, ‘सा.का.नि.’वाल्या, म्हणजे सर्वसाधारण नियमांच्या, उपखंड (i) मध्ये. अलीकडच्या अंकांवर अगदी वर ‘सीजी-डीएल-ई’ने सुरू होणारा क्रमांक असतो. त्यातले पुढचे आठ आकडे म्हणजे दिवस, महिना, वर्ष. फॉरवर्डमध्ये आजची तारीख सांगितली आहे आणि आकडे मागच्या वर्षाचे आहेत, तर तिथेच सोडून द्या. शंका असेल तर तोच क्रमांक ई-राजपत्राच्या शोधात टाका.

सगळंच राजपत्रात येतं असं मात्र नाही. २४ मार्च २०२० चा तो आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १०(२)(ल) खाली गृह सचिवांच्या सहीने निघाला होता. असले आदेश त्या त्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधायचे.

राज्याचं असेल तर शासन निर्णयाच्या शेवटी १८ आकडी संकेतांक असतो, इथे क्रम उलटा: वर्ष, महिना, दिवस. तो शासन निर्णयांच्या शोधपानावर टाकला आणि काहीच आलं नाही, तर तो कागद दुकानात चिकटवू नका. आणि केंद्राचं वाचून थांबू नका, कारण राज्य किंवा जिल्हाधिकारी त्यात भर घालू शकतात. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध १४ तारखेला रात्री आठपासून १ मे सकाळी सातपर्यंत होते, ते राज्याच्या आदेशाने.

दुकानदार_कोथरूड
हे छान झालं. फोनचं सांगा की कोणीतरी. आठ ते साडेनऊ नुसता टणटणाट असतो.

रोखपाल
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करताना ‘८ तास’ निवडा. ‘नेहमी’ केलंत तर व्यापारी संघाचा कामाचा निरोपही बुडेल. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’मध्ये जाऊन मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा, म्हणजे भाषणाचे तुकडे गॅलरीत साचणार नाहीत. यूट्यूबवर बातम्यांच्या चॅनेलची घंटा ‘काहीही नको’वर. बातम्यांच्या अ‍ॅपची सूचना आली की तीच दाबून धरा, बंद करायचा पर्याय तिथेच येतो. पूर्ण शांतता हवी तर ‘व्यत्यय नको’ आठ ते साडेनऊ लावा, पण तारांकित नंबरांचे कॉल चालू ठेवा आणि कामाच्या दोन्ही माणसांचे नंबर तारांकित करा.

घरच्यांना टीव्ही बंद करायला लावू नका. तुम्ही आतल्या खोलीत बसा. साडेनऊला बाहेर येऊन ‘काय म्हणाले?’ एवढं विचारलंत तरी कुठल्या मंत्रालयाचं पान उघडायचं ते कळतं.

पिंपळपान
फक्त ‘काय म्हणाले’वर माल भरू नका! पंतप्रधानांच्या आवाहनानुसार ५ एप्रिल २०२० ला घरातले दिवे नऊ मिनिटं बंद करायचे होते. पंखे, फ्रिज चालू ठेवा, रस्त्यावरचे आणि रुग्णालयांचे दिवे चालूच राहतील, हा खुलासा वीज मंत्रालयाने आदल्या दिवशी केला होता. तोपर्यंत लोक मेन स्विच पाडायच्या तयारीत होते.